‘डोळे मिटा’ म्हणण्याआधी

“सावकाश डोळे मिटा. शरीर सैल सोडा. आता कोणीही हलायचे नाही.” योगवर्गाच्या अखेरीस शवासनात या सूचना आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. दिवसभर राबलेल्या माणसाला त्या सुखावतात. पण जिला रात्री, अंथरुणात मार बसला आहे, तिच्यासाठी डोळे मिटणे म्हणजे पहारा सोडणे असते. ज्याने दरडीखालून आपल्या माणसांचे देह काढले, त्याला ‘शवासारखे निश्चल पडा’ असे सांगणे कितपत शहाणपणाचे?

हा प्रश्न आज महत्त्वाचा आहे, कारण पूरग्रस्त गावे, निर्वासितांच्या छावण्या, महिला आधारगृहे, तुरुंग, माजी सैनिकांची रुग्णालये अशा सर्व ठिकाणी योग आणि सजगतेचे (माइंडफुलनेसचे) कार्यक्रम पोहोचले आहेत. त्यांची चर्चा ‘योगाने फायदा होतो की नाही?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न अपुरा आहे. उपलब्ध संशोधन नीट वाचले तर वेगळाच मुद्दा पुढे येतो: आघातग्रस्त व्यक्तीला आपल्या शरीरावरचा हक्क परत मिळतो की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

शरीराची साक्ष

आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत १९८० साली आले. या विकारात घडून गेलेली गोष्ट शरीराच्या लेखी संपलेली नसते. दार आपटले की छातीत धडधडते, झोप उडते, किंवा अंग बधिर होते. ‘आता सगळे ठीक आहे’ हे बुद्धीला पटते, शरीराला पटत नाही. म्हणून केवळ बोलण्याच्या उपचारांना मर्यादा पडतात आणि श्वास, स्नायू, हालचाल यांच्या वाटेने जाण्याचा विचार सयुक्तिक ठरतो.

या दिशेचा सर्वांत गाजलेला अभ्यास बेसल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आरोग्यशिक्षण. शेवटी योगगटातील ३१ पैकी १६ जणी विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आकडे लक्षणीय आहेत, पण संख्या लहान आहे. पुढे २०२३ मध्ये लष्करी सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या १३१ माजी महिला सैनिकांवरील अभ्यासात असा योग मान्यताप्राप्त बोधनिक उपचाराइतकाच उपयोगी ठरला, आणि तो अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी होते.

सजगतेचा पुरावा याहून सौम्य आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठ रुग्णालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम ११६ माजी सैनिकांवर तपासला गेला (२०१५). सैनिकांनी स्वतः सांगितलेला त्रास तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झाला. पण विकारातूनच बाहेर पडलेल्यांच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही.

त्या वर्गात काय होते?

या आकड्यांवरून ‘पाहा, आपला योग जगाने मान्य केला’ असा निष्कर्ष आपल्याकडे पटकन काढला जातो. पण व्हॅन डर कोक यांच्या केंद्रात डेव्हिड एमर्सन यांनी घडवलेला योग आपल्या नेहमीच्या वर्गासारखा नाही. तेथे शिक्षक कोणाच्या अंगाला हात लावून आसन ‘दुरुस्त’ करत नाही. सूचना आज्ञार्थी नसतात. ‘वाटले तर हात वर नेऊन पाहा’, ‘डोळे उघडे ठेवले तरी चालेल’ अशा असतात. आसन अचूक जमले की नाही याला महत्त्व नाही. आत काय जाणवते आणि पुढे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आपली परंपरा याच्या उलट टोकाला उभी आहे. गुरूची आज्ञा, रांगेतली शिस्त, पाठीवरचा दुरुस्तीचा हात यांनाच आपण चांगल्या वर्गाची खूण मानतो. निरोगी विद्यार्थ्यासाठी त्यात गैर काही नाही. पण आघाताचा गाभाच असा की दुसऱ्या कोणीतरी आपल्या शरीराचे काय करायचे ते ठरवले. त्याच व्यक्तीला पुन्हा हुकूम ऐकायला लावणे हे औषधाच्या बाटलीत जुनेच दुखणे भरून देण्यासारखे आहे. ओंकार किंवा सूर्यनमस्कार सर्वांकडून करून घेण्याचा आग्रहही याच जातीचा. वेगळ्या श्रद्धेच्या व्यक्तीला ‘नको’ म्हणण्याची सोय हवी.

छावणीतले धडे

रुग्णालयाबाहेरचे अभ्यास याहून कच्चे आहेत. त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या छावण्यांत १८३ जणांवर योगश्वसनाचा प्रयोग झाला. वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत त्रास बराच घटला. मात्र गट चिठ्ठ्या टाकून नव्हे, छावण्यांनुसार पाडले होते. कोसीच्या २००८ च्या पुरानंतर बिहारमध्ये आठवडाभर रोज तासभर योग दिला, तेव्हा उदासी कमी झाली. पण सहभागी अवघे २२. अशा आधारावर मोठे दावे करू नयेत.

अधिक भक्कम उदाहरण युगांडातले आहे. दक्षिण सुदानच्या ६९४ निर्वासित स्त्रियांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम तपासला गेला: दोन-दोन तासांची पाच सत्रे, वीस-तीस जणींचा गट, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन, चित्रपुस्तिका आणि थोडक्यात प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या. तीन महिन्यांनंतरही मानसिक त्रास कमी राहिला. पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूला काय आहे ते पाहण्यासारख्या साध्या गोष्टी त्यात होत्या.

उलट, ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांचा सहभाग असलेल्या चाचणीत सजगतेचे पाठ तपासले गेले, तेव्हा नेहमीच्या शिक्षणापेक्षा वेगळा लाभ दिसला नाही (२०२२). ती मुले आघातग्रस्त म्हणून निवडलेली नव्हती. पण गरज आणि इच्छा न विचारता वर्गच्या वर्ग ध्यानाला बसवण्याची मर्यादा त्यातून कळते.

ध्यानाआधीचे प्रश्न

आपत्तीतील मानसिक आधाराविषयी आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००७ मध्ये एकत्रितपणे मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्यात आधाराचा चार थरांचा मनोरा आहे. पायाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, नंतर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत, शिखरावर तज्ज्ञ. योगवर्ग मधल्या थरांत बसतो. तो पायाची जागा घेऊ लागला की अन्याय सुरू होतो. ज्याच्या दारी सावकार उभा आहे, जिचा मारकुटा नवरा संध्याकाळी घरी येणार आहे, त्यांना ‘वर्तमान क्षण स्वीकारा’ असे सांगणे म्हणजे दोष परिस्थितीचा नसून तुमच्या मनाचा, असे सुचवणे होय.

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेले ‘विश्राम’ प्रकल्पाचे काम येथे आठवते. ते योगाचे नव्हते. गावातलेच कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी त्यात होती. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. घरापर्यंत जाणारे, ओळखीचे, पुन्हा येणारे माणूस असले की मदत घेतली जाते, हे त्यातून दिसते. योगवर्गाला अशा साखळीत जागा मिळाली तर त्याचा अर्थ वाढेल. एकटा, तीन दिवसांचा, छायाचित्रांपुरता वर्ग फारसे काही मागे ठेवत नाही.

म्हणून असा कार्यक्रम आखणाऱ्या संस्थेला काही साधे प्रश्न विचारावेत. न येण्याची, मध्येच उठून जाण्याची मुभा आहे का? ध्यानात कोणी घाबरून गेले तर काय करायचे हे शिक्षकाला ठाऊक आहे का? त्या व्यक्तीला पुढे कोणाकडे पाठवायचे हे ठरले आहे का? आठवडा संपल्यावर गावात कोण राहणार? आणि घर, पाणी, नुकसानभरपाई, संरक्षण यांचे काम कोण पाहते आहे?

या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर वर्ग जरूर भरवावा. फक्त पहिल्या सूचनेत एवढा बदल करावा: “डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. उघडे ठेवायचे असतील तर तसेही बसा. दार उघडे आहे.”