कोपेन आणि थॉर्नथ्वेट : हवामान-वर्गीकरणाच्या दोन पद्धती

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हवामानाच्या वर्गीकरणाविषयी लिहावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु हा प्रश्न प्रस्तुत लेखकापुढे त्याच्या स्वतःच्या विषयातूनच उभा राहिला. बोलींच्या सीमा ठरविताना एखाद्या शब्दाचा प्रदेश कोठे संपतो ती रेषा काढता येते. मात्र अशा किती रेषा एकत्र आल्या म्हणजे बोली बदलली असे म्हणावे, हे निसर्ग सांगत नाही, ते अभ्यासकालाच ठरवावे लागते. पाऊसपाण्याविषयीच्या शब्दांचे नकाशे करताना शेजारी हवामानाचा नकाशा ठेवणे भाग पडले, आणि तो कोणाच्या पद्धतीचा ठेवावा हा प्रश्न आला. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा गृहीतच असते : कोपेन. का, याचे कारण क्वचितच दिलेले आढळते.

व्लादिमिर कोपेन (१८४६–१९४०) यांची मूळ दृष्टी वनस्पतिशास्त्रीय होती. द कांदोल यांनी उष्णता व ओलावा यांच्या गरजेनुसार केलेल्या वनस्पतींच्या गटांवर त्यांनी १९०० साली आपले वर्गीकरण उभारले. पुढे १९१८ मध्ये व त्यानंतर १९३६ मध्ये त्यास निश्चित रूप दिले, आणि गायगर यांनी ते चालू ठेवले. वनस्पती हेच हवामानाचे उत्तम मोजमाप, ही त्यामागील धारणा. सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तपमान १८ अंशांहून खाली उतरले नाही तर उष्ण कटिबंध. सर्वांत उष्ण महिना १० अंशांपर्यंत पोहोचला नाही तर ध्रुवीय. या दुसऱ्या मर्यादेशी उत्तरेकडील वृक्षसीमा बऱ्याच अंशी जुळते, आणि हे यश लहान नव्हे. शिवाय मासिक तपमान व मासिक पर्जन्य एवढ्याच सामग्रीवर कोणीही, कोठेही, तेच उत्तर काढू शकतो. शास्त्रात हा गुण दुर्मिळ असतो.

आता ही पद्धत आपल्या प्रदेशास लावून पाहावी. मुंबईस कुलाब्याच्या नोंदीनुसार वर्षाकाठी सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, नागपुरास त्याच्या निम्म्याच्या आसपास. मुंबईत मे महिन्यातील कमाल तपमान सरासरीने तेहतीस-चौतीस अंशांवर थांबते, तर नागपुरात ते बेचाळिसांच्या पलीकडे जाते. तथापि कोपेनच्या नकाशावर दोहोंचे चिन्ह एकच : ए-डब्ल्यू, म्हणजे कोरड्या हिवाळ्याचे उष्णकटिबंधीय हवामान. रत्नागिरी मात्र मुंबईपासून फुटून ए-एम या मोसमी वर्गात जाते. कारण असे की, मोसमी वर्गासाठी कोरड्या महिन्यात किती पाऊस हवा हे वार्षिक पावसावरून ठरते, आणि वार्षिक पाऊस २५०० मिलिमीटर झाला की ती अट शून्यावर येते. कोकण किनाऱ्यावर एकाच मोसमी वाऱ्याने भिजणारी दोन गावे एका आकड्यामुळे विभक्त होतात, आणि मुंबई व नागपूर एकत्र नांदतात.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या ठिकाणी बहुतांश पाऊस उन्हाळी अर्धवर्षात पडतो, तेथे वार्षिक सरासरी तपमानाच्या विसपटीत २८० मिळवून येणाऱ्या मिलिमीटरांपेक्षा पाऊस कमी असेल तर हवामान शुष्क गटातील मानावे, असा नियम आहे. पुण्याचे सरासरी तपमान सुमारे २५ अंश. तेव्हा सीमा येते ७८० मिलिमीटर. पुण्याचा पाऊस सातशे ते आठशेंच्या दरम्यान, आणि निरीक्षणाचा कालखंड बदलला की सरासरीही थोडी सरकते. म्हणजे एका तीस वर्षांच्या सरासरीने पुणे सोलापूरचे सगोत्र ठरते, आणि पाऊस काही मिलिमीटरांनी वाढला की मुंबईचे. सीमेवर असे होणारच, हे बोलींच्या अभ्यासकास सांगावयास नको. आक्षेप सीमेवर नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस इतकी भिन्न कुळे असावीत, यावर आहे.

सोलापूरकडे पाहिले असता दोष अधिक खोल दिसतो. तेथील पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. ते पाणी काळ्या जमिनीत मुरते व त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. कोपेन उन्हाळी पावसास बाष्पीभवनाचा दंड लावतात, परंतु पाणी जमिनीत साठते याचा हिशेब त्यांच्या सूत्रात कोठेच नाही.

तो हिशेब मांडला थॉर्नथ्वेट यांनी. १९३१ च्या पहिल्या प्रयत्नानंतर १९४८ मध्ये ‘जिऑग्राफिकल रिव्ह्यू’त त्यांनी नवी पद्धत प्रसिद्ध केली. जमिनीस पाण्याची तूट नसती तर जमीन व वनस्पती मिळून किती पाणी हवेत सोडतील, हे संभाव्य बाष्पोत्सर्जन काढावयाचे, आणि महिन्यामहिन्यास पावसाची जमा त्या खर्चाशी ताडून पाहावयाची. प्रारंभी जमिनीतील साठा सर्वत्र १०० मिलिमीटर धरला होता. १९५५ मध्ये माथर यांच्यासह केलेल्या सुधारणेत तो मातीप्रमाणे व मुळांच्या खोलीप्रमाणे बदलता ठेवला. सोलापूरच्या काळ्या जमिनीस या सुधारणेतच प्रथम न्याय मिळतो. मुंबई व नागपूरही येथे वेगळी होतात : एकीकडे वर्षाची जमा खर्चाहून अधिक, दुसरीकडे उणी.

तथापि थॉर्नथ्वेट यांनी आपल्या पद्धतीस ‘तर्कशुद्ध’ हे विशेषण लावले, ते निमूटपणे स्वीकारता येत नाही. त्यांचे बाष्पोत्सर्जनाचे सूत्र मासिक तपमान व दिवसाची लांबी यांवरच आधारलेले असून अमेरिकेतील अनुभवावरून जुळविलेले आहे. वारा आणि हवेची शुष्कता यांना त्यात स्थान नाही. त्याच वर्षी पेनमन यांनी या दोहोंचा समावेश असलेले सूत्र दिले. वैशाखातील विदर्भाच्या वाऱ्यांसाठी तेच अधिक विश्वसनीय. दुसरा आक्षेप आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. एका ऋतूतील अधिक्य दुसऱ्या ऋतूतील तूट अंशतः भरून काढते, असे मानून १९४८ च्या निर्देशांकात तुटीस साठ टक्के वजन दिले होते. १९५५ मध्ये ते काढून दोन्ही बाजू समान केल्या. परंतु कोकणात आषाढातील अधिक्य ओढ्यानाल्यांनी समुद्रास मिळते. ते चैत्र-वैशाखात विहिरीत येत नाही. तीन हजार मिलिमीटरांच्या गावात उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते, आणि वार्षिक निर्देशांक त्या गावास आर्द्र म्हणतो.

ट्रिवार्था यांनी कोपेनच्या समशीतोष्ण गटाची फेरमांडणी केली, तिचा आपणास फारसा उपयोग नाही. होल्ड्रिज यांचे जीवनक्षेत्रांचे वर्गीकरण (१९४७) वार्षिक आकड्यांवर चालते, त्यामुळे मोसमी ऋतुचक्र त्यात हरवते.

मग कोपेन टिकला कसा? २००७ मध्ये पील प्रभृतींनी आणि २०१८ मध्ये बेक प्रभृतींनी जगाचे नवे नकाशे केले ते त्याच चिन्हांत. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर भाषेत आहे. दोन-तीन अक्षरांचे ते नाव उच्चारता येते, लक्षात राहते. थॉर्नथ्वेटचे चार घटकांचे सूत्र कोणी बोलून दाखवीत नाही. अडचण एवढीच की नाव रूढ झाले की ते कारणासारखे वापरले जाऊ लागते. ‘येथे बी-एस-एच हवामान असल्यामुळे अवर्षण होते’ अशा धाटणीची वाक्ये प्रबंधांतून आढळतात. ज्या आकड्यांवरून ते चिन्ह लावले, तेच आकडे येथे पुन्हा कार्य म्हणून मांडलेले असतात.

शब्दांच्या नकाशासाठी शेवटी आम्ही कोणाचेच प्रदेश घेतले नाहीत. थॉर्नथ्वेट-माथर यांचा मासिक ताळेबंद घेतला, बाष्पोत्सर्जन जेथे सामग्री मिळाली तेथे पेनमनच्या सूत्राने काढले, आणि प्रत्येक केंद्रापुढे तुटीचे महिने लिहिले. कोकण, घाटमाथा, मावळ व देश ही लोकांनी केलेली विभागणी त्या रकान्याशेजारी ठेवून पाहता येते. भूगोलाच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा की पुष्कळ केंद्रांवर वारा व आर्द्रतेच्या नोंदी नाहीत आणि मातीची खोली अंदाजानेच धरावी लागते. तो रास्त आहे. अशा ठिकाणी आम्ही कोपेनचे चिन्ह कंसात दिले आहे.