सुटकेच्या कथेचे विडंबन आणि बागबाजारचा खंदक

परीकथेतील सुटकेचा साचा सर्वपरिचित आहे. राक्षस राजकन्येला पळवतो, राजपुत्र सात समुद्र ओलांडतो, राक्षसाचा प्राण असलेल्या पोपटाची मान मुरगळतो आणि अर्ध्या राज्यासह राजकन्या मिळवतो. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांची जी ३१ कार्ये नोंदवली, त्यांतील अखेरचे कार्य विवाह हेच आहे. हा साचा इतका पक्का आहे की त्याची थट्टा करणे सोपे असते. अवघड असते ते थट्टा करूनही सुटकेची गरज खरी ठेवणे.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची ‘गुपी गाइन बाघा बाइन’ ही कथा १९१५ मध्ये ‘संदेश’ मासिकात आली. तिच्यावरून त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये चित्रपट केला, आणि २०१३ मध्ये शिल्पा रानडे यांनी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा हिंदी सचेतपट दिग्दर्शित केला. राय यांच्या चित्रपटात हे अवघड काम साधलेले दिसते. त्याचे नायक राजपुत्र नाहीत. एकाला गाता येत नाही, दुसऱ्याला वाजवता येत नाही, आणि दोघेही गावाबाहेर हाकलले गेलेले आहेत. भुतांचा राजा त्यांना वर देतो तेही शस्त्रांचे नव्हेत. हवे ते अन्नवस्त्र, हवे तेथे नेणारे जोडे आणि ऐकणाऱ्याला जागच्या जागी खिळवणारे संगीत, एवढीच त्यांची सामग्री.

हल्ला राज्याची फौज शुंडीवर चालून जाणार असते. तिच्या मागे राक्षस नाही. औषधाने भ्रमिष्ट केलेला एक भोळा राजा, लोभी मंत्री आणि उपाशी सैनिक आहेत. गुपी आणि बाघा तुरुंगातून सुटतात ते भुकेल्या पहारेकऱ्याला पक्वान्नांचा मोह घालून. आणि फौज थांबवतात ती आकाशातून मिठाईची मडकी उतरवून. सैनिक युद्ध विसरून मडक्यांवर तुटून पडतात. प्रसंग हास्यकारक आहे, पण त्यामागील विचार गंभीर आहे. ज्याला शत्रू म्हटले जाते तो भुकेला माणूस निघतो. राक्षसाचा वध करण्याऐवजी राक्षस नव्हताच असे दाखवणे, हे या विडंबनाचे मर्म होय.

या मर्माला कोलकात्याच्या भूगोलात एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात शिरल्या, तेव्हा भयभीत नागरिकांनी उत्तरेकडील बागबाजारापासून शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. सुमारे सात मैलांपैकी तीन मैल खणून झाले. मराठे शहरावर आलेच नाहीत आणि काम थांबले. पुढे १७५६ मध्ये सिराजउद्दौलाची फौज आली, तेव्हा या अपुऱ्या खंदकाने शहर वाचले नाही. कालांतराने तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे नाव तेवढे उरले. याच खंदकरेषेलगत, ज्याच्या नावातच ‘खंदकापलीकडे’ असा अर्थ ध्वनित होतो त्या गडपार भागात, उपेंद्रकिशोरांचे घर व छापखाना होता. आणि रसगुल्ल्याचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते ते नवीनचंद्र दासही बागबाजारचेच. या योगायोगांवरून कथेचा उगम सिद्ध होत नाही. मात्र फौजेला खंदकाने नव्हे तर मिठाईने अडवणारी कल्पना या परिसरात वाचली, की तिचा विनोद अधिक खोल वाटतो.

मराठी वाचकाला येथे एक अस्वस्थ करणारी जाणीव होते. बंगालच्या अंगाईगीतांतील ‘बर्गी’ म्हणजे मराठा स्वार; त्या परीकथेतील राक्षसाची जागा त्याची आहे. गंगाराम कवीच्या १७५१ च्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात पापाचा भार हलका करण्यासाठी शिवाच्या आज्ञेने शाहूच्या फौजा येतात. पण ब्राह्मण आणि स्त्रियांवरील अत्याचारांमुळे देवी त्यांच्यावर उलटते आणि भास्कर मारला जातो. सुटका करण्यास आलेलाच राक्षस ठरतो, ही उलथापालथ गंगारामाने विनोदाचा आश्रय न घेता मांडली. राय यांचे विडंबन तिला पूरक ठरते: गंगारामाच्या काव्यात तारकाचा राक्षस होतो, राय यांच्या चित्रपटात राक्षसाचा पुन्हा माणूस होतो. तथापि एक भेद विसरता येत नाही. हल्लाची फौज गावे जाळण्यापूर्वीच थांबते. बंगालातील गावे प्रत्यक्षात जळली होती. हास्याने क्षमा शक्य होते ती बहुधा अपराध घडण्यापूर्वीच.

विडंबनाला आणखी एक मर्यादा आहे. साचा सर्वत्र मोडणारा हा चित्रपट शेवटी त्यालाच शरण जातो. मणिमाला आणि मुक्तामाला या राजकन्या दोघा नायकांना बक्षिसासारख्या दिल्या जातात; त्यांची इच्छा कोणी विचारीत नाही. प्रॉपचे अखेरचे कार्य येथे विनातक्रार पार पडते. कृष्णधवल चित्रपट याच टप्प्यावर रंगीत होतो, म्हणजे दिग्दर्शकानेही या आनंदावर विश्वास ठेवलेला दिसतो. फौजेतील प्रत्येक सैनिकाची भूक जिला दिसली, त्या दृष्टीला राजवाड्यातील दोन मुलींचे मन दिसू नये, ही उणीव लहान नाही.

तरीही या कृतीचे मोल कमी होत नाही. खंदक खणणाऱ्यांना शत्रू दुरून दिसतो आणि म्हणून तो राक्षस वाटतो. गुपी आणि बाघा त्याच्या छावणीत जातात, म्हणून त्यांना त्याची भूक कळते. सुटकेच्या कथेची थट्टा करता करता सुटकेचा हा दुसरा मार्ग राय दाखवतात, आणि ज्यांच्या भयाने तो खंदक खणला गेला त्यांच्या भाषेतील वाचकाने तर तो अवश्य पाहावा असा आहे.