बहिःस्थ विद्यार्थी आणि समाजशास्त्राचे क्षेत्र : मार्कंडा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा :

नोकरी, शेती किंवा मजुरी सांभाळून समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास विद्यापीठीय परिभाषेत 'बहिःस्थ' म्हटले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात असा विद्यार्थी महाविद्यालयाच्या बाहेर असला, तरी समाजशास्त्र ज्या समाजाचा अभ्यास करते त्या समाजाच्या आत असतो. प्रचलित अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती त्याच्या या स्थानाचा उपयोग करून घेत नाहीत. मार्कंडा परिसर समोर ठेवून या विसंगतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : बहिःस्थ विद्यार्थी, क्षेत्रकार्य, आदिवासी समाज, अभ्यासगट, मार्कंडा.

प्रस्तावना :

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे वैनगंगेच्या काठचे गाव तेथील शैव मंदिरसमूहामुळे सर्वपरिचित आहे. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून या स्थानास विशेष माहात्म्य प्राप्त झाले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकातील आपल्या दौऱ्याच्या अहवालात या मंदिरांची नोंद घेतली. महाशिवरात्रीच्या यात्रेला चंद्रपूर-गडचिरोलीतूनच नव्हे, तर शेजारच्या तेलंगण व छत्तीसगडमधूनही भाविक येतात.

मराठीत 'क्षेत्र' या शब्दाला दोन अर्थ आहेत. तीर्थस्थान हा एक आणि अभ्यासाची भूमी हा दुसरा. मार्कंडा हे क्षेत्र आहे हे भाविकास सांगावे लागत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र ते सहसा कोणी सांगत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे. दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. गोंड, माडिया, विविध शेतकरी व कारागीर जाती, दलित समाज आणि चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेली पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबे असा हा बहुविध समाज आहे. सूरजागडचे लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यातीलच कोनसरी येथे उभा राहिलेला लोहप्रकल्प यांमुळे त्याच्या अर्थजीवनात स्थित्यंतर सुरू आहे. समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील बहुतेक प्रकरणे येथे प्रत्यक्ष घडत आहेत. तरीही येथील विद्यार्थी 'सामाजिक परिवर्तनाचे घटक लिहा' या प्रश्नाचे उत्तर बाजारात मिळणाऱ्या अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ करतो. हे का घडते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

बहिःस्थ असण्याचा अर्थ :

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. तथापि उच्च शिक्षणासाठी तो पुढील तीन दशके नागपूर विद्यापीठाशीच जोडलेला होता. दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या नागपुरात राहून पदव्युत्तर शिक्षण घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी बहिःस्थ परीक्षार्थी म्हणून नाव नोंदविणे हाच मार्ग होता. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यावर दूरशिक्षणाची वाट रुंद झाली. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठ प्रथमच वनप्रदेशात आले.

ही प्रगती निःसंशय मोलाची आहे. परंतु अंतर केवळ किलोमीटरचे नसते. ते दिनदर्शिकेचेही असते. या भागातील श्रमाचे वर्ष धानाच्या रोवणीपासून कापणीपर्यंत, पुढे मोहफुलांच्या वेचणीपर्यंत आणि मे महिन्यातील तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत चालते. विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा तेंदूपत्त्याच्या आसपास आणि हिवाळी परीक्षा धानकापणीच्या आसपास येतात. मुक्त विद्यापीठाची जूनमधील सत्रान्त परीक्षा पेरणीच्या तोंडावर येते. ज्या विद्यार्थ्याच्या घरचे वर्षाचे रोख उत्पन्न या हंगामांवर अवलंबून आहे, त्याला परीक्षा आणि मजुरी यांतून एकाची निवड करावी लागते. विद्यार्थिनीच्या बाबतीत यात घरकामाची भर पडते. निकालपत्रात तिची केवळ अनुपस्थिती नोंदली जाते. तिचे कारण कोठेच नोंदले जात नाही.

शैक्षणिक साहित्याचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या समाजशास्त्र एम.ए.ची रचना सुविहित आहे. सिद्धांत, संशोधनपद्धती, विकासाचे समाजशास्त्र आणि भारतातील समाजशास्त्र असा तिचा पाया आहे, आणि मूल्यमापनात लिखित स्वाध्यायांना ३० टक्के भारांश आहे. परंतु हे साहित्य इंग्रजी व हिंदीत आहे. घरी गोंडी, शाळेत मराठी आणि पुस्तकात हिंदी किंवा इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून जो विद्यार्थी संकल्पनेपर्यंत पोहोचतो, त्याच्याजवळ ती संकल्पना तपासून पाहण्याइतके बळ क्वचितच उरते. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेल्या 'भारतीय समाजविज्ञान कोशा'ने मराठी परिभाषेची सोय केली. पण तालुक्याच्या वाचनालयातील विद्यार्थ्याला तो हाताशी मिळेलच असे नाही.

फावल्या वेळचे समाजशास्त्र : एक विसरलेली परंपरा

बहिःस्थ विद्यार्थ्याकडे दुय्यम दर्जाचा विद्यार्थी म्हणून पाहण्याची सवय आपल्या विद्यापीठांना आहे. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' प्रसिद्ध झाले होते. आत्रे हे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते; ते सरकारी नोकरीत होते. कामानिमित्त जे खेडे त्यांच्या दृष्टीस पडले, त्याची चिकित्सा त्यांनी मराठीत केली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. हे दोघेही प्रशासकच होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर १९३८ साली ग्रंथ लिहिणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हेही प्रशासक होते.

म्हणजे या प्रदेशाविषयीचे पायाभूत समाजशास्त्रीय लेखन मुख्यतः नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनीच केले आहे. तथापि येथे एक भेद करणे आवश्यक आहे. या लेखकांचा फावला वेळ हा अधिकाऱ्याचा फावला वेळ होता. त्यांच्यापुढे गावकरी येत तो साहेबापुढे येई तसा; प्रश्न साहेबाने विचारावा आणि उत्तर गावकऱ्याने द्यावे, असे ते नाते होते. आजचा बहिःस्थ विद्यार्थी त्या उत्तर देणाऱ्या गावकऱ्याचा वंशज आहे. प्रश्न विचारण्याची पाळी प्रथमच त्याच्यावर आली आहे आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्या हाती तयार उत्तरांचा संच देत आहोत.

एका पाठ्यप्रश्नाची परीक्षा :

हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल. 'आदिवासी प्रश्नाविषयी घुर्ये व एल्विन यांच्या भूमिकांची तुलना करा' हा भारतीय समाजशास्त्रातील परिचित प्रश्न आहे. गो. स. घुर्ये यांनी १९४३ सालच्या आपल्या ग्रंथात आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरविले. हाच ग्रंथ १९५९ साली 'अनुसूचित जमाती' या अर्थाच्या नव्या नावाने निघाला. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मधील बैगांवरील ग्रंथात आदिवासींना बाह्य शोषणापासून वाचविण्यासाठी राखीव प्रदेशाची कल्पना मांडली होती. पुढे त्यांची भूमिका बरीच बदलली. पाठ्यपुस्तकात हा वाद 'सामिलीकरण विरुद्ध संरक्षण' अशा दोन रकान्यांत मांडला जातो आणि तेथेच संपतो.

मार्कंड्याचा विद्यार्थी या प्रश्नाकडे निराळ्या रीतीने पाहू शकतो. महाशिवरात्रीला वैनगंगेत स्नान करून शिवलिंगाचे दर्शन घेणारे गोंड कुटुंब घुर्यांच्या बाजूची साक्ष देते, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तेच कुटुंब आपल्या कुळाच्या 'पेना'ची पूजा करते. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या विभागणीनुसार सोयरिकीचे नियम पाळते आणि त्या विधींत पुराणातील मार्कंडेय ऋषींचे स्थान नसते. मग हे कुटुंब नेमके कोणत्या रकान्यात घालावयाचे? एका कुटुंबाची दोन धार्मिक दिनदर्शिकांत एकाच वेळी वावरण्याची रीत समजून घेण्यास दोन्ही रकाने अपुरे पडतात. यात्रेत दुकान कोणाचे, पूजेचा मान कोणाचा, मुक्काम कोणाचा कोठे, परतताना कोण कोणाकडे थांबतो, या प्रश्नांतून संस्कृतीकरणाची संकल्पनाही तपासता येईल. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कूर्ग समाजाच्या अभ्यासातून ती रूढ केली. ती मार्कंड्यास कितपत लागू पडते हे पाहण्यासाठी परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. यात्रेचे चार दिवस, एक वही आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण लागते. यांतील पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थ्यापाशी आहेत. तिसरी देणे हे विद्यापीठाचे काम आहे.

याच श्रीनिवासांचा दुसरा अनुभवही येथे बोधक ठरतो. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळील एका खेड्यात केलेल्या क्षेत्रकार्याच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांची १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आगीत राख झाली. तेव्हा स्मरणाच्या आधारे त्यांनी ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि आज अभिजात मानला जातो. जाणकार अभ्यासकाची स्मृती जर पुरावा ठरू शकते, तर जन्मभर त्याच गावात राहिलेल्या विद्यार्थ्याची स्मृतीही, योग्य चिकित्सेनंतर, पुरावा ठरावयास हवी.

मेंढा-लेखाचा धडा :

याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासाची एक वेगळी रीत घडविली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगट चालले. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल आणि गावकारभार यांची चर्चा करीत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ही वाटचाल कथन केली आहे.

समाजशास्त्राच्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व असे की, त्यात गाव हे केवळ अभ्यासाचा विषय न राहता अभ्यास करणारे म्हणूनही पुढे येते. त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ती गोष्ट अखेर बाहेरून आलेल्या सहृदय लेखकाने सांगितलेली आहे. गावातीलच एखाद्या विद्यार्थिनीने ती लिहिली असती, तर कोणत्या घटना पुढे आल्या असत्या आणि कोणत्या मागे राहिल्या असत्या, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. त्याचे उत्तर पदव्युत्तर वर्गातूनच मिळावयास हवे.

आक्षेप आणि विचार :

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वतःच्या समाजाचा अभ्यास करणाऱ्याची दृष्टी पक्षपाती होते. हा आक्षेप खरा आहे, पण तो साहेबाच्या दृष्टीलाही लागू होता. उपाय म्हणजे विद्यार्थ्यास आपले स्थान, आपली जात-जमात, आपले नाते अहवालात स्पष्ट नोंदविण्यास शिकविणे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या भागात प्रश्न विचारणारा माणूस संशयास पात्र होऊ शकतो आणि शेजाऱ्यांविषयी लिहिलेले त्यांच्याच विरुद्ध वापरले जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणते लिहू नये याचे शिक्षणही संशोधनपद्धतीचा भाग मानले पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षण व संशोधनप्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी आहे. परंतु नियमित विद्यार्थ्याचा प्रकल्प आणि बहिःस्थ विद्यार्थ्याचा प्रश्नसंच अशी विभागणी झाली, तर ज्याच्यापाशी क्षेत्र आहे तोच क्षेत्रकार्यापासून वंचित राहील.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. एका लेखी प्रश्नपत्रिकेऐवजी स्वतःच्या गावावरील मराठी अहवाल स्वीकारावा व त्यात गोंडी-माडिया शब्द मूळ रूपात येऊ द्यावेत. परीक्षांचे वेळापत्रक ठरविताना तेंदूपत्ता व धानकापणी यांचा विचार व्हावा. तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात मेंढ्याच्या धर्तीवर महिन्यातून एकदा अभ्यासगट बसावा. प्रत्येक अहवालाची एक प्रत संबंधित ग्रामसभेस द्यावी, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता व खोडता येईल.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. बदलावयाचा आहे तो विद्यार्थ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन. समाजशास्त्र शिकणारी अंगणवाडी सेविका, शिक्षक वा तेंदूपत्ता मजूर यांना आपण बहिःस्थ म्हणतो. वस्तुतः क्षेत्राच्या दृष्टीने बहिःस्थ आहे ते विद्यापीठ. ते आत येण्याची परवानगी या विद्यार्थ्यांकडेच मागू लागेल, तेव्हा मार्कंड्याच्या समाजाचे समाजशास्त्र मार्कंड्यात लिहिले जाऊ लागेल.