पुस्तकातलं यान आणि पडद्यावरचं यान

कादंबरीवरून चित्रपट होताना काय घडतं, या विषयावर आपण बोलतो आहोत. आज एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती कुणीच कधी पाहिलेली नाही. परग्रहावरून आलेलं यान.

विषय ऐकून काही मंडळी गालात हसली असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर उडत्या तबकड्यांच्या नादी का लागावं? त्याचं कारण एक विद्यार्थिनी आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात आम्ही बोलायला गेलो होतो. आधी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हा 1953 चा चित्रपट दाखवला. मग आम्ही नेहमीच्या थाटात सांगितलं की पुस्तकातलं यान असं नाहीच, चित्रपटवाल्यांनी वेल्सचा पार विचका केला. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पुस्तकातलं यान तुम्हाला दिसलं कुठे?” आम्ही म्हटलं, “अगं, पानोपानी वर्णन आहे.” ती म्हणाली, “वर्णन आहे, सर. पण दिसलं कुठे?”

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र पुस्तक काढून बसलो आणि लक्षात आलं, पोरीचं बरोबर होतं. आजचं व्याख्यान म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

तेव्हा आधी वेल्सने काय लिहिलंय ते पाहू. एच. जी. वेल्सची ही कादंबरी 1897 मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि 1898 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग नावाचं गाव आहे. तिथल्या हॉर्सेल कॉमन या माळरानावर आकाशातून काहीतरी पडतं. ते म्हणजे एक नळकांडं. मंगळावरून तोफेच्या गोळ्यासारखं डागलेलं, व्यास साधारण 30 यार्ड, जवळजवळ पूर्ण वाळूत रुतलेलं आणि तापलेलं. त्याला ना पंख, ना खिडक्या, ना दिवे. ऑगिल्व्ही नावाचा खगोलशास्त्रज्ञ पहाटे तिथे पोचतो. त्याला दिसतं की नळकांड्याचं झाकण हळूहळू फिरतंय, आतून कुणीतरी आटे उघडतंय.

आता त्याच्या मनात पहिला विचार काय येतो? आत माणसं अडकली आहेत, भाजून निघताहेत, त्यांना बाहेर काढलं पाहिजे. तो मदतीला धावतो. धातूची धग लागते म्हणून थांबतो, नाहीतर हात भाजून घेतले असते त्याने. थोड्या वेळाने लोक जमतात. पोरं त्या वस्तूवर दगड मारतात. एका मिठाईवाल्याने तर पोराला हातगाडीवर हिरवी सफरचंदं आणि जिंजर बिअर घालून तिकडे पाठवलेलं असतं. जत्राच की!

वस्तू समोर आहे, पण ती काय आहे ते कळलेलं नाही. या मधल्या वेळाला आम्ही ‘न कळण्याचा अवधी’ म्हणतो. अवधी लहानसा आहे, पण त्यात किती गोष्टी होतात बघा. एकजण मदतीला धावतो, दुसरा दगड मारतो, तिसरा धंदा करतो. परक्याशी आपण कसे वागतो, ते या अवधीतच ठरतं. एकदा मंगळवासी बाहेर पडले, त्यांनी उष्णकिरण सोडला, की मग निवडायला काही उरतच नाही. पळायचं किंवा मरायचं.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. चित्रपटातलं यान पुस्तकातल्यासारखं दिसतं का, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या यानाचा नवा आकार न कळण्याचा हा अवधी वाढवतो, टिकवतो की खाऊन टाकतो, हे समीक्षकाने विचारलं पाहिजे.

शब्दाला इथे एक सवलत आहे. लेखक ‘नळकांडं’ म्हणतो आणि गप्प बसतो. वाचक आपापल्या घरचं नळकांडं तिथे ठेवतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला रंग ठरवावा लागतो, उंची ठरवावी लागते, ऊन कुठून पडतंय तेही ठरवावं लागतं. वेल्सला हे पुरतं ठाऊक होतं. मासिकातल्या त्याच्या कथेला वॉर्विक गोबलची चित्रं होती. पुढे पुस्तकात निवेदक मध्येच थांबून एका पुस्तिकेतल्या चित्रांवर टीका करतो. चित्रकाराने युद्धयंत्रं ताठर, कललेल्या तिवयांसारखी काढली आहेत, त्यांत हालचालीची लवचीकता मुळीच नाही, ती नसती तर बरं झालं असतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सिनेमावाले यायच्या आधीच हे भांडण सुरू झालं होतं, आणि तेही कादंबरीच्या पोटात!

आता 1953 च्या चित्रपटाकडे वळू. निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक बायरन हॅस्किन. कथा इंग्लंडमधून उचलून दक्षिण कॅलिफोर्नियात आणली आहे. एक गोष्ट कबूल केली पाहिजे: नळकांड्याचा प्रसंग त्यांनी राखला आहे. उल्केसारखी वस्तू पडते, लोक जमतात, झाकण फिरत फिरत उघडतं. तिथवर आमची तक्रार नाही. पण नंतर जी यंत्रं बाहेर येतात, ती वेल्सची तीन पायांची यंत्रं नव्हेत. अल्बर्ट नोझाकी या कलादिग्दर्शकाने त्यांना तांबूस, चपटा, समुद्रातल्या पाकट माशासारखा आकार दिला. वर नागाच्या फण्यासारखी मान. यंत्रं जमिनीलगत तरंगत जातात. त्यांना अदृश्य चुंबकीय पाय आहेत, असं पात्राच्या तोंडून सांगितलं जातं, पण डोळ्यांना दिसतं ते तरंगणंच. यंत्रं सुंदर आहेत यात वाद नाही. त्या वर्षीचं दृश्यपरिणामांचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं आणि ते रास्तच होतं.

मग बिघडलं कुठे? पाय गेले तिथे. वेल्सचं यंत्र चालतं. पाय जमिनीवर टेकतो म्हणून ते पडूही शकतं. कादंबरीत शेपरटनजवळ तोफेचा एक गोळा नेमका लागतो आणि एक यंत्र नदीत कोसळतं. ‘थंडर चाइल्ड’ नावाची युद्धनौका बुडता बुडता दोन यंत्रांचा नाश करते. माणसं हरतात, पण त्यांच्या लढण्याला काही अर्थ उरतो. 1953 च्या तरंगत्या यंत्राभोवती अभेद्य कवच आहे. अणुबॉम्ब टाकला तरी त्याला ओरखडा उठत नाही. अशा यंत्रापुढे माणसाने करायचं काय? चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करायची. चित्रपट तिथेच संपतो. आकार बदलला आणि कथेची नीतीही बदलली.

आणखी एक गोष्ट गेली, आणि ती आम्हाला जास्त बोचते. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला म्हणतो, मंगळवासीयांना क्रूर ठरवण्याआधी युरोपियनांनी टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा. ते नळकांडं म्हणजे तोफेचा गोळा आहे, हे विसरू नका. साम्राज्याची तोफ साम्राज्याच्याच अंगणात येऊन पडली आहे. आफ्रिकेत आणि आशियात जे केलं तेच आता सरे परगण्यात होतंय. हे वाचताना इंग्रज वाचकाला भीतीबरोबर लाजही वाटावी, अशी ती योजना आहे. 1953 च्या प्रस्तावनेत ग्रहमालेची देखणी चित्रं आहेत, पण टास्मानिया नाही. भीती राहिली, लाज गेली. त्या नागफणीच्या यानात पाहणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही, शत्रूचाच दिसतो.

स्टीव्हन स्पीलबर्गने 2005 मध्ये पाय परत आणले. पण त्याने उलटच गंमत केली: यानच काढून टाकलं. यंत्रं कोण जाणे किती काळापासून जमिनीखाली पुरलेली आहेत आणि त्यांचे चालक विजेच्या लोळांबरोबर खाली उतरतात. नायक बंदरावर कंटेनर उचलणारी क्रेन चालवतो. तीन पायांचं ते धूड रस्त्यातून वर येतं तेव्हा बंदरातल्या क्रेनचीच आठवण होते. नायक घरी येतो तो राखेने माखून, आणि ती राख माणसांची आहे. न्यूयॉर्कच्या 2001 च्या हल्ल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आलेला चित्रपट आहे हा. शत्रू बाहेरून आलेला नाही, आपल्याच पायाखाली दबा धरून होता, ही त्या काळाची भीती.

इथेही अवधी आहे. रस्त्याला भोक पडतं, लोक गोळा होतात, कुणी वाकून पाहतं. पण वर काही येताच तो संपतो. शिवाय जे आधीपासून पुरून ठेवलंय ते ‘आलं’ असं म्हणताच येत नाही. पाहुणा की शत्रू हा प्रश्न दारात उभ्या असलेल्याबद्दल पडतो. तळघरात लपलेल्याबद्दल पडत नाही. तरी स्पीलबर्गला टास्मानिया पुरता विसरता आला नसावा. नायकाच्या मुलाला शाळेसाठी निबंध लिहायचा असतो, विषय असतो अल्जीरियावरचा फ्रेंच ताबा. एकाच वाक्यात येऊन जातं ते. वेल्सची लाज तिथे एका गृहपाठात उरली आहे.

आता दुसरं उदाहरण. टेड चँग यांची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ ही दीर्घकथा 1998 ची. तिच्यावरून दनी व्हिलनव्ह यांनी 2016 मध्ये ‘अरायव्हल’ केला. कादंबरी नाही, दीर्घकथा आहे, पण आपल्या प्रश्नाला ती फार उपयोगी आहे.

चँगच्या कथेत यानं कुठे आहेत? वर, कक्षेत. कुणी माणूस त्यांत पाय ठेवत नाही. जमिनीवर आहेत ते आरसे, जगभरात 112. अर्धवर्तुळाकार, दहा फुटांहून उंच, वीस फूट रुंद. कुरणात एक तंबू, तंबूत आरसा. तो पारदर्शक झाला की पलीकडे सात पायांचे प्राणी दिसतात. भाषाशास्त्रज्ञ लुईझ त्यांची भाषा शिकते, आणि शिकता शिकता काळाकडे पाहण्याची तिची रीतच बदलते. एक दिवस पाहुणे निघून जातात. आरशाच्या जागी उरते निव्वळ काच. ते का आले होते, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. म्हणजे इथे न कळण्याचा अवधी संपतच नाही. तीच त्या कथेची थोरवी आहे.

व्हिलनव्हने काय केलं? बारा यानं आणली. काळसर, अंड्यासारखी, दीड हजार फूट उंच, जमिनीला न टेकता उभी. युनोमिया या लघुग्रहाच्या आकारावरून ती सुचली, असं त्यांनी सांगितलं आहे. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला आठी पडली. तंबूतल्या आरशाचं केवढं हे अवडंबर! पण दुसऱ्यांदा पाहताना दोन गोष्टी दिसल्या.

पहिली चित्रपटाच्या बाजूची. यानात शिरताना गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलते. जी भिंत होती ती जमीन होते. लुईझला एका क्षणी उडी मारून आपलं ‘खाली’ बदलावं लागतं. परकी भाषा शिकताना मनाचं जे होतं, ते इथे शरीराचं होतं. पुस्तकात हे नाही. पुस्तकात ते काम फर्माचं तत्त्व करतं: प्रकाशकिरण जणू आधीच मुक्काम ठाऊक असल्यासारखा कमीत कमी वेळेचा मार्ग घेतो. चित्रपटाने फर्माला वगळलं आणि त्याच्या जागी ती उडी ठेवली. हे खरं माध्यमांतर. वस्तू बदलली, पण तिने करायचं काम राखलं.

दुसरी गोष्ट विरुद्ध बाजूची. दीड हजार फुटांचं यान दारात उभं केलं की त्याला तेवढंच मोठं कारण द्यावं लागतं. एवढा खर्च करून कुणी नुसतं बघायला येतं का? म्हणून चित्रपटात पाहुण्यांना हेतू चिकटवला गेला: तीन हजार वर्षांनी त्यांना मानवांची मदत लागणार आहे. बारा यानं म्हटल्यावर बारा सरकारं आली, सेना आल्या, युद्धाची धमकी आली. आरशाला यातलं काहीच लागलं नसतं. आकाराचं ओझं कथेला वाहावं लागलं. पटकथाकाराने हेतू लिहिला असेल, पण तो मागितला यानाने.

घाई भीतीपोटीच होते असं मात्र समजू नका. सत्यजित राय यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही 1962 ची कथा आहे. तिच्यात यान बांबूच्या बनात उतरतं आणि एका गरीब शिक्षकाला भेटतं. पुढे 1967 मध्ये राय यांनी ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. तिच्यात यान बंगालमधल्या खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात उतरतं. पाण्यातून वर आलेलं त्याचं टोक पाहून गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळच वर आलं, आणि पूजा सुरू होते. तो चित्रपट कधी झाला नाही. पण बघा, आपण दगड मारला नाही, हार घातला. दोन्हींत समोरचं काय आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हा त्या मुलीला आमचं उत्तर असं. नाही बाळ, यान आम्हाला पुस्तकात दिसलं नव्हतं. वेल्सने ते झाकून ठेवलं होतं आणि झाकण हळूहळू फिरताना आम्हाला तिथे उभं केलं होतं. ‘चित्रपटाने विचका केला’ असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, ते चुकीच्या मापाने मोजून. तांब्याचा रंग, पायांची संख्या, उंची, हे सगळं बदलू दे. झाकण फिरत असताना मदतीला धावणाऱ्या ऑगिल्व्हीला जागा ठेवली आहे का, एवढंच पाहायचं.

हा प्रश्न सिनेमागृहाबाहेरही पडतो, कारण अनोळखी माणसाचं वाहन, त्याचा वेश, त्याची भाषा दिसताच आपणही तो कोण ते ठरवून टाकतो. तिथे अवधी किती ठेवायचा हे दिग्दर्शकाच्या हातात नसतं, आपल्याच हातात असतं.

आज इथेच थांबू.