संमती कोणाची?

30 डिसेंबर 2007 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधला डॉ. अतुल गावंडे यांचा लेख मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो आणि दर वेळी त्याच्याशी भांडतो.

प्रकरण असे. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरवून दिल्या. हात धुवा, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा, गरज संपताच नळी काढा, अशा साध्याच. 18 महिन्यांत नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटला. संशोधनातील माणसांच्या संरक्षणासाठी असलेल्या अमेरिकन सरकारी कार्यालयाने 2007 मध्ये ठरवले की हे संशोधन आहे. नैतिक समितीची तपासणी आणि रुग्णांची संमती हवी होती. गावंडे संतापले. फेब्रुवारी 2008 मध्ये कार्यालयानेही काम चालू ठेवायला हरकत नाही असे कळवले.

गावंडे यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. मांडणी नाही. नियम म्हणजे जीव घेणारी कारकुनी, असा तिचा सूर आहे. पण हा नियम कारकुनाच्या टेबलावर जन्मला नाही. अलाबामातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या 399 गरीब काळ्या माणसांना सरकारी डॉक्टरांनी उपचाराविना ठेवले. पेनिसिलीन हाती आल्यावरही. आजार काय हेही त्यांना धड सांगितले नाही. 1974 चा अमेरिकन कायदा त्यांच्या शरीरांतून आला आहे. हे विसरून संमतीची टिंगल करणे सोयीचे असते; ज्यांची शरीरे कधी वापरली गेली नाहीत त्यांना तर फारच.

मात्र कार्यालयही आपला जन्म विसरले. मिशिगनमध्ये तपासणीखाली रुग्ण नव्हता, डॉक्टर होता! पायरी गाळणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला होता. उतरंडीत खालच्याने वरच्याला ‘थांबा’ म्हणणे काय असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हात धुण्यासाठी रुग्णाची सही कशाला हवी? हवी होती ती माहिती: या वॉर्डात किती जणांना संसर्ग झाला, यादी पाळली की नाही. ती भिंतीवर लावा, रुग्णाच्या भाषेत. सहीपेक्षा डॉक्टरला ते जड जाईल.

माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी एका सरकारी दवाखान्यात कागद पुढे आला. इंग्रजीत. मी बी.ए.ला होतो, वाचू लागलो, तर ‘वेळ नाही’ म्हणून कागद ओढून घेतला आणि त्यांचा अंगठा उमटवला. वडील शाई पुसायला कापूस मागत राहिले.