एकाच वाफेची दोन कामे

गाळप हंगामात पिशोर परिसरातला ऊस ट्रॅक्टरने कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जातो. पुढे त्याची साखर होते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्याच उसाच्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, वीजही तयार होते. ती वाढवण्यासाठी जुने बॉयलर आणि टर्बाइन बदलण्याचे काम महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांनी केले. या कामातली रचना रसिकतेने पाहावी अशी आहे.

आधी मूळ रचना पाहू. जुन्या कारखान्यात दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचा बॉयलर असे. त्याची वाफ टर्बाइन फिरवी आणि दाब उतरला की रस आटवायला जाई. वीज थोडीच निघे, पण ही रचना अडाणी नव्हती. जादा वीज घेणारे कोणी नव्हते आणि उसाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघणारा बगॅस संपवायचा होता. २००२ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीला दर ठरवून दिला, तेव्हा चोथ्याला मोल आले आणि जुनी रचना अपुरी ठरली.

बदलाचे खरे सौंदर्य आकड्यांत आहे. २१ किलो दाब आणि ३४० अंश तापमानाऐवजी ८७ किलो आणि ५१५ अंशांची वाफ करायची, तर दर किलो वाफेला उष्णता साधारण आठव्या हिश्श्याने जास्त लागते. पण तीच वाफ टर्बाइनमधून रस आटवण्याच्या दाबापर्यंत उतरली, तर तिच्याकडून तत्त्वतः जवळपास दुप्पट काम मिळते. पाणी उकळवण्यातच बहुतेक उष्णता खर्ची पडलेली असते. वरची थोडी भर जवळजवळ सगळी कामाला येते. आणि टर्बाइनच्या शेवटच्या टोकाला वाफ पूर्वीच्याच दाबाने बाहेर पडते. रस आटवणाऱ्या भांड्यांना वर काही बदलल्याचे कळतही नाही. साखरेचे काम जागेवर ठेवून विजेचे काम वाढवणे, हा संयम मला या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो.

बदलाची दुसरी जागा गिरणीपाशी आहे. जुन्या गिरण्यांना स्वतंत्र, एकटप्पी टर्बाइन असत. ती मिनिटाला हजारो फेरे घेत आणि उसाचा रूळ मात्र चार-पाचच. मधला सगळा वेग दातेरी चाकांच्या पेट्यांनी उतरवावा लागे. असे छोटे टर्बाइन वाफेच्या मानाने फार कमी काम देते. नव्या मांडणीत रुळांना विजेच्या मोटरी येतात आणि वाचलेली वाफ मोठ्या, बहुटप्पी टर्बाइनकडे जाते. तिथे पात्यांच्या रांगामागून रांगा तिच्यातला दाब टप्प्याटप्प्याने वापरतात.

मूळ काम जागेवर ठेवून जास्त वीज काढण्याची हीच दृष्टी उरणच्या वायू विद्युत केंद्रात मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथल्या १०८ मेगावॅटच्या चार वायू टर्बाइनांचा तप्त धूर आधी आकाशात जाई. १९९४ मध्ये त्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॅटचे दोन वाफ संच सुरू झाले. जास्तीचा वायू न जाळता २४० मेगावॅट क्षमता मिळाली, आणि मूळ यंत्रे जागच्या जागी राहिली.

साखर कारखान्यातल्या या बदलाला मर्यादाही आहेत. हंगाम काही महिन्यांचा. दुष्काळात ऊसच नसला तर उत्तम टर्बाइनही उभेच राहते. ८७ किलोच्या बॉयलरला क्षारमुक्त पाणी लागते, आणि पाणी बिघडले तर त्याचे डाग आधी नळ्यांवर, मग पात्यांवर पडतात. शिवाय रस आटवण्यातच वाफ उधळली, तर वर कमावलेले खाली गमावले जाते. जुन्या पद्धतीत शंभर किलो उसामागे पन्नास किलोंहून जास्त वाफ लागे. चांगल्या कारखान्यांनी ती चाळीसच्या आसपास आणली आहे. टर्बाइन बदलण्याइतकेच हे कसबाचे काम आहे.

म्हणून कारखान्याच्या सभासदांना सांगणे आहे. वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर आणखी तीन आकडे विचारा: बॉयलरचा दाब किती, शंभर किलो उसाला वाफ किती लागली, आणि टनामागे किती युनिट वीज विकली. तुमच्या उसाचा कस कारखान्याने किती काढला, ते त्यात कळेल.