इंडियम : तीन चौकटींत न मावणारा धातू

मूलद्रव्यांवरचे आपले लेख बहुधा एकाच साच्यातून निघतात. आधी गुणधर्म, मग उपयोग, शेवटी शोध. त्यांतली माहिती सहसा बिनचूक असते आणि त्यामागे मेहनतही असते. मी स्वतः असे लेख लिहिले आहेत. तरीही या साच्याविरुद्ध तक्रार करायला हवी, हे मला राहनाळला कळले.

भिवंडीलगतच्या या गावात आता जिकडेतिकडे गोदामे आहेत. तिथल्या एका शिक्षकमित्राच्या वर्गात मी इंडियमची माहिती फळ्यावर लिहिली. अणुक्रमांक ४९, रंग रुपेरी, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, द्रवणांक १५६.६ अंश सेल्सिअस, उपयोग मोबाईल व टीव्हीच्या पडद्यांत, शोध १८६३, दुर्मिळ. एका मुलीने विचारले, "सर, दुर्मिळ आहे, तर गोदामांत मोबाईलची एवढी खोकी कशी?" माझ्या तिन्ही चौकटींत याचे उत्तर नव्हते.

उत्तर असे. भूकवचात इंडियम साधारण चांदीइतकेच आहे. पण त्याची स्वतंत्र खाण नसते. ते जस्ताच्या खनिजात अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते आणि जस्त शुद्ध करताना हाती लागते. मागणी वाढली म्हणून केवळ इंडियमसाठी कोणी जस्त जास्त काढत नाही. मग एवढे पडदे कसे होतात? इंडियम ऑक्साइडमध्ये थोडे टिन ऑक्साइड मिसळले की त्याचा थर पारदर्शकही असतो आणि वीजवाहकही. धातूचा पत्रा वीज वाहतो, पण आरपार दिसू देत नाही. काचेचे नेमके उलट. पडद्याला दोन्ही गुण एकत्र लागतात. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. म्हणून एका मोबाईलला इंडियम फारच थोडे पुरते, आणि म्हणूनच भंगारातल्या पडद्यातून ते परत मिळवणे जिकिरीचे होते. गुणधर्म आणि उपयोग वेगळे लिहिले की त्यांना जोडणारे 'म्हणून' गळून पडते.

शोधाचेही तेच. '१८६३, राइश व रिश्टर' एवढ्याने काय कळते? जर्मनीतल्या फ्रायबर्ग येथे फर्डिनंड राइश जस्ताच्या खनिजात थॅलियम शोधत होते. थॅलियमची खूण म्हणजे वर्णपटातली हिरवी रेषा. पण राइश रंगांधळे होते, म्हणून वर्णपट पाहण्याचे काम थिओडोर रिश्टर या सहकाऱ्याकडे आले. रिश्टर यांना हिरवी नव्हे, तर गडद निळी, अनोळखी रेषा दिसली. निळीच्या रंगावरून धातूला नाव मिळाले इंडियम. निळीचे लॅटिन नाव 'इंडिकम', म्हणजे भारतातली वस्तू. आपल्या देशाचे नाव असे या धातूत आले आहे, हे किती वर्गांत सांगितले जाते?

साच्यात सर्वांत जास्त अन्याय होतो तो चुकीवर. इंडियमचा सममूल्यभार ३७.८ निघाला होता. संयुजा २ धरून अणुभार ७५.६ ठरवला गेला. पण मेंडेलीव्हच्या सारणीत आर्सेनिक (७५) आणि सेलेनियम (७९) यांच्यामध्ये रिकामी जागाच नव्हती. संयुजा ३ असावी, असे मेंडेलीव्हने सुचवले. मग अणुभार ११३.४ येतो. १८७० मध्ये बुन्सेनने विशिष्ट उष्मा मोजून यास पुष्टी दिली. हा ताळा वर्गातही करता येतो. इंडियमचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.०५६ कॅलरी आहे, आणि घन धातूंत विशिष्ट उष्मा व अणुभार यांचा गुणाकार सहाच्या आसपास येतो. ७५.६ घेऊन तो ४.२ येतो, ११३.४ घेऊन ६.४. आजचा अणुभार ११४.८ आहे. आपण मुलांना हा शेवटचा आकडा तेवढा देतो आणि तो कसा सुधारत गेला हे गाळतो.

परीक्षेला तीन चौकटी सोयीच्या आहेत, हे मान्य. वेळेची ओढाताणही मी जाणतो. पण अंक कोष्टकात केव्हाही सापडतात. लेखकाने व शिक्षकाने निदान एका मूलद्रव्यापुरते तरी गुणधर्म, उपयोग आणि शोध एकमेकांत गुंफून सांगावेत. त्या मुलीने गोदामाकडे पाहून प्रश्न विचारला होता. माझे लेख वाचून तो तिला सुचला नसता.